केझुरोकाईला पहिल्यांदा जाताय? मग रंधा, धार आणि बाकी तयारी अशी करा

जपानमध्ये नोकरीनिमित्त राहणारे किंवा अधूनमधून जाऊन येऊन असणारे मराठी लोक आता पुष्कळ आहेत, आणि त्यातल्या ज्या कोणाला लाकूडकामाची आवड आहे त्यांनी एकदा तरी केझुरोकाईचा मेळावा बघावाच असं माझं ठाम मत आहे. फक्त होतं काय, नवीन माणूस तिथे जातो, भारी भारी रंधे बघतो, फोटो काढतो आणि परत येतो, हाताला काहीच लागत नाही. थोडी तयारी करून गेलं तर त्याच दोन दिवसांत वर्षभर पुरेल एवढं शिकता येतं, म्हणून हे सगळं नवीन लोकांसाठी क्रमाने लिहितोय.

आधी थोडक्यात, हे आहे काय. केझुरोकाई ही हाताच्या हत्यारांनी लाकूडकाम करणाऱ्या लोकांची जपानमधली संघटना, १९९७ साली सुरू झालेली. मशीनवरचे रंधे आणि सँडपेपर आल्यावर हातरंध्याचं कसब मागे पडत चाललं होतं, ते टिकावं आणि एका गावच्या कारागिराचं ज्ञान दुसऱ्या गावच्या माणसाला मिळावं यासाठी हे लोक एकत्र येतात. येणारे कोण कोण असतात तर देवळं बांधणारे सुतार (मियादाइकु), घरं बांधणारे सुतार, पाती घडवणारे लोहार, रंध्याचे लाकडी ठोकळे बनवणारे, धारेचे दगड विकणारे, आणि आपल्यासारखे निव्वळ हौशी लोक. देशपातळीवरचा मेळावा दरवेळी वेगळ्या गावात भरतो, साधारण दोन दिवस चालतो, आणि त्यातला सगळ्यात गाजणारा प्रकार म्हणजे पातळ ढलपीची स्पर्धा. हिनोकीच्या, म्हणजे जपानी सायप्रसच्या, लांब तुळईवरून रंधा ओढायचा, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत न तुटलेली सलग ढलपी काढायची आणि ती किती मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आहे ते मोजायचं. माणसाचा केस साधारण ५० ते १०० मायक्रॉन जाड असतो, इथे मुरलेले लोक दहाच्या खाली जातात आणि पहिल्या रांगेतले तीन-चार-पाचपर्यंत पोचतात.

हे ऐकून बऱ्याच जणांना वाटतं की हा विक्रमांचा खेळ आहे. तसं नाहीये, आणि ही गोष्ट जाण्याआधी नीट समजून घ्या, कारण त्यावरच तुम्ही तिथे काय बघणार हे ठरतं. एवढी पातळ ढलपी निघायला पात्याची धार, ठोकळ्याचा तळ आणि माणसाचं शरीर या तिन्ही गोष्टी एकाच वेळी बरोबर असाव्या लागतात, एक जरी चुकली तरी ढलपी फाटते किंवा निघतच नाही. म्हणजे ढलपी ही परीक्षा आहे, खरं काम मागे राहिलेल्या लाकडावर दिसतं. चांगल्या धारेने कापलेल्या हिनोकीला वरून पॉलिश लागत नाही, ती स्वतःच चमकते. सँडपेपरने रेषे ओरबाडले जातात आणि धारेने ते स्वच्छ कापले जातात, एवढाच काय तो फरक, पण बोट फिरवलं की लगेच कळतो. म्हणून मेळाव्यात सगळे ढलपीचे फोटो काढत असतील तेव्हा तुम्ही तुळईवर हात फिरवायला मिळतोय का बघा.

आधी मेळावा ठरवा

राष्ट्रीय मेळाव्याची तारीख आणि गाव बदलत राहतं, त्यामुळे सहा-आठ महिने आधीपासून लक्ष ठेवावं लागतं. बघायला जायचं असेल तर फार काही लागत नाही, पण स्पर्धेत उतरायचं असेल तर आधी नाव नोंदवावं लागतं आणि ते बहुतेक सगळं जपानी भाषेत असतं, तेव्हा ऑफिसातल्या एखाद्या जपानी सहकाऱ्याला धरा, ते लोक आनंदाने मदत करतात. पहिल्या वेळी स्पर्धेत नाव देऊ नका असं मी सांगेन. स्पर्धेच्या गडबडीत तुम्ही स्वतःच्या रंध्यात अडकून पडता आणि आजूबाजूला जे चाललंय ते बघायचं राहून जातं.

राष्ट्रीय मेळावा जमत नसेल तर छोटे स्थानिक मेळावे असतात, आणि नवीन माणसाला खरं तर तेच जास्त बरे, कारण गर्दी कमी आणि समोरच्याला तुमच्याशी बोलायला वेळ असतो. अमेरिकेत आणि युरोपातही याच धर्तीवर मेळावे होतात, तिकडच्या मराठी मंडळींना त्यासाठी जपानपर्यंत यायची गरज नाही, आणि भाषेची अडचणही येत नाही.

नोव्हेंबरात जपानला येणार असाल तर ह्योगो प्रांतातल्या मिकी गावची हत्यारांची जत्रा, कानामोनो मात्सुरी, तीही बघण्यासारखी आहे. मिकी हे पिढ्यानपिढ्या करवती, पटाश्या, रंधे बनवणारं गाव. त्याच फेरीत कोबेला शिन-कोबे स्टेशनजवळचं ताकेनाका सुतारी हत्यारांचं संग्रहालय करून घ्या. १९८४ साली सुरू झालं, २०१४ पासून आताच्या जागेत आहे, आणि संग्रहात ३० हजारांहून जास्त वस्तू आहेत. तिथे एका भिंतीवर एकाच सुताराचा पूर्ण संच मांडलेला दिसतो, १९४३ साली तोक्योच्या ओमोरी भागात केलेल्या पाहणीवरून तो ठरवलाय, त्यात १७९ हत्यारं आहेत, आणि अगदी कमीत कमी सामानात काम भागवायचं तरी ७२ लागायची. मेळाव्याच्या आधी हे संग्रहालय बघितलंत तर तिथे टेबलावर ठेवलेली निम्मी हत्यारं ओळखीची वाटतील.

जपानी रंधा समजून घ्या

आपल्याकडचा रंधा पुढे ढकलतात, जपानी रंधा, म्हणजे कान्ना, आपल्याकडे ओढतात. एवढं सगळ्यांना माहीत असतं. बाकीचं असं.

रंध्याचा ठोकळा पांढऱ्या ओकचा असतो, त्याला दाइ म्हणतात. पातं जाड असतं आणि डोक्याकडून धारेकडे निमुळतं होत जातं, त्यामुळे ते ठोकळ्याच्या दोन्ही बाजूंच्या खाचांत स्वतःच पाचरीसारखं घट्ट बसतं, वेगळी पाचर लागत नाही. साधारण ३८ ते ४० अंशात बसवलेलं असतं. पुढे एक छोटं दुसरं पातं असतं, उरागाने, ते एका आडव्या खिळ्याखाली सरकवतात, लाकूड उलट्या रेषांचं असेल तेव्हा ढलपीला लगेच वाकवून मोडायचं आणि लाकूड उचकटू द्यायचं नाही हे त्याचं काम. पातं पुढे काढायचं असेल तर त्याच्या डोक्यावर हातोडीने हलकं टकटक करायचं, मागे घ्यायचं असेल तर ठोकळ्याच्या मागच्या टोकाला डावीकडे उजवीकडे आळीपाळीने मारायचं. मध्यभागी मारू नका, ठोकळा चिरायची भीती असते.

पातं दोन धातूंचं असतं. धारेकडे कडक पोलादाचा पातळ थर आणि त्याच्या पाठीला मऊ लोखंड, लोहार भट्टीत हे दोन एकत्र जोडतो. पोलाद कडक असल्याने धार टिकते आणि लोखंड मऊ असल्याने दगडावर घासायला सोपं जातं. पात्याची सपाट बाजू मुद्दाम आतून खोलगट केलेली असते, म्हणजे दगडावर ठेवली की फक्त कडा टेकतात. धारेजवळची ही टेकणारी पट्टी जितकी बारीक आणि एकसारखी तितका तो माणूस आपल्या हत्याराची निगा राखणारा, मेळाव्यातले जुने लोक तुमचं पातं हातात घेतल्यावर आधी हेच बघतात.

धार, सगळ्यात जास्त वेळ इथे द्या

जाण्याआधी एकच गोष्ट शिकून जायची असेल तर धार लावणं शिका. महागडा रंधा नको, एखादी साधी पटाशी घ्या आणि तिच्यावर हात बसवा, पटाशीला जे जमतं तेच रंध्याच्या पात्याला.

दगड तीन पुरतात, नंबर जितका मोठा तितका दगड बारीक. एक १००० नंबरचा, एक मधला ३००० ते ५००० चा आणि एक ८००० किंवा त्याच्या वरचा. पहिलं काम म्हणजे दगड सपाट करणं. सगळ्यात जास्त दुर्लक्ष याच कामाकडे होतं आणि लोक म्हणतात धार लागत नाही, अहो दगडच मध्ये खोल गेलाय तर पातं सपाट घासलं जाणार कसं. हिऱ्याची पट्टी किंवा दुसरा दगड घेऊन पेन्सिलीच्या रेघा पूर्ण पुसल्या जाईपर्यंत घासा, आणि हे प्रत्येक वेळी करा.

मग १००० वर पात्याची उताराची बाजू ठेवा. हा उतार साधारण २५ ते ३० अंशांचा असतो आणि तो पूर्ण सपाट ठेवायचा, धारेजवळ आणखी एक छोटा कोन काढायची पद्धत आहे ती इथे वापरत नाहीत. दोन्ही हातांची बोटं धारेच्या जितकी जवळ ठेवता येतील तितकी ठेवा आणि मनगट लॉक करून कोपरापासून हलवा. हात वर-खाली झुलला की उताराला पोट येतं, आणि पोट आलेला उतार परत सपाट करायला फार वेळ जातो. घासता घासता मागच्या बाजूला अंगठ्याला बारीकशी कड जाणवायला लागेल, पूर्ण रुंदीभर ती जाणवली की १००० चं काम संपलं, त्याच्या आधी पुढच्या दगडावर जायचं नाही, काहीही झालं तरी. मधल्या दगडावर १००० चे ओरखडे घालवायचे, शेवटच्या दगडावर चकाकी आणायची, आणि मग पातं उलटं करून खोलगट बाजू फक्त शेवटच्या दगडावर हलकेच घासून ती कड काढून टाकायची. खोलगट बाजू खरखरीत दगडावर कधीच घासू नका, ती बारीक पट्टी बघता बघता रुंद होते.

नैसर्गिक दगडांबद्दल तिथे खूप ऐकायला मिळेल. क्योतोच्या आसपासच्या डोंगरांतल्या खाणींमधून निघालेले हे दगड, बऱ्याच खाणी बंद झाल्यामुळे किमती चढलेल्या आहेत. त्यावर घासलं की मऊ लोखंड धुकट दिसतं आणि पोलाद आरशासारखं चमकतं, फार सुंदर दिसतं यात वाद नाही. पण नवीन माणसाला त्याची गरज नाही. कारखान्यात बनलेल्या ८००० च्या दगडावर उत्तम धार लागते आणि दगड कसा निवडायचा हे कळायला आधी हाताला धारेची ओळख व्हावी लागते.

वारंवार घासून धारेजवळची ती सपाट पट्टी संपत आली की लोहाराची एक युक्ती वापरतात, उरादाशी. उताराच्या बाजूने मऊ लोखंडावर हातोडीच्या कोपऱ्याने हलके हलके ठोके देत पोलाद मागच्या बाजूला किंचित ढकलायचं. ठोका चुकून पोलादावर बसला तर पातं तडकतं. हे व्हिडिओ बघून घरी करू नका, मेळाव्यात कोणाला तरी विचारा, दहा मिनिटांत शेजारी उभं करून दाखवतात आणि तेवढ्यासाठीसुद्धा जाणं वसूल होतं.

ठोकळ्याचा तळ

धार उत्तम असूनही ढलपी निघत नसेल तर दोष तळाचा असतो. नवीन लोकांना वाटतं तळ पूर्ण सपाट हवा. फिनिशिंगच्या कान्नाचा तळ पूर्ण सपाट ठेवत नाहीत, तो लाकडाला दोनच जागी टेकवतात, एक पुढचं टोक आणि दुसरी जागा पात्याच्या तोंडाच्या, म्हणजे पातं जिथून बाहेर येतं त्या फटीच्या, अगदी लगत पुढची, बाकीचा भाग किंचित खरवडून खाली घेतात. किंचित म्हणजे कागदाच्या जाडीपेक्षाही कमी. पूर्ण तळ टेकला तर घर्षण वाढतं आणि लाकडाचा एखादा उंचवटा रंध्याला उचलून धरतो, मग पातं हवेतच राहतं.

तपासायची रीत अशी की पातं ठोकळ्यात कामाच्या वेळी असतं तितकं घट्ट बसवायचं, पण धार तळाच्या थोडी आत ठेवायची. पातं काढून तपासलं तर उपयोग नाही कारण पात्याच्या दाबाने ठोकळा जरासा फुगतो आणि तुम्ही मोजाल ते खोटं निघेल. मग उजेडासमोर धरून सरळ पट्टी लांबीत, रुंदीत आणि तिरकी अशी सगळीकडून लावून बघायची, पट्टीखालून उजेड कुठे येतो कुठे नाही त्यावरून कळतं. खरवडायला वेगळा छोटा रंधा असतो, दाइनाओशी, त्याचं पातं जवळजवळ उभं असतं, तो रेषांना आडवा चालवायचा आणि फार म्हणजे फार कमी काढायचं.

आणि ओक हवेप्रमाणे हलतो. आदल्या रात्री हॉटेलात एसीमध्ये बरोबर केलेला तळ सकाळी नदीकाठच्या मैदानावर बिघडलेला असतो, त्यामुळे स्पर्धेत उतरणारे लोक सकाळी आल्या आल्या पहिलं काम पट्टी लावून बघण्याचं करतात. तुम्ही पुण्यात किंवा कोकणात सराव करत असाल तर हे जास्तच लक्षात ठेवा, मे महिन्यातला तळ जुलैत राहत नाही.

भारतात सरावाला लाकूड कुठलं घ्यावं हेही बरेच जण विचारतात. सागवानावर सुरुवात करू नका, त्यात धार लवकर बोथटते आणि हात बसायच्या आधीच वैताग येतो. देवदार मिळाला तर फारच छान, नाहीतर वखारीतून बिनगाठीची, सरळ रेषांची पाइनची फळी निवडून घ्या.

मेळाव्याच्या दिवशी

लवकर पोचा. दरवाजे उघडताना गेलात तर लोक हत्यारं मांडत असतात, तळ तपासत असतात, आणि ती तयारी बघण्यातच अर्धं शिक्षण आहे. दुपारी सगळे स्पर्धेच्या तणावात असतात तेव्हा प्रश्न विचारणं बरं दिसत नाही.

तिथली रीत आपल्याला शिकवावी लागणार नाही. जमिनीवर ठेवलेल्या हत्यारावरून किंवा लाकडावरून ओलांडून जायचं नाही, वळसा घालून जायचं. आपण खंडेनवमीला हत्यारं पुजतो, पाय लागला तर नमस्कार करतो, तेव्हा हे अंगात असतंच. कोणाचंही हत्यार न विचारता उचलायचं नाही आणि उचललं तर धारेला बोट लावायचं नाही, बोटाच्या घामाने पोलादाला गंज धरतो. रंधा टेबलावर ठेवताना तळ खाली करून ठेवू नका, आडवा कुशीवर ठेवा. हात लावण्याआधी "सावात्ते मो ई देसु का" असं विचारा, रंधा ओढून बघायचा असेल तर "केझुत्ते मिते मो ई देसु का", आणि फोटोसाठी "शाशिन तोत्ते मो ई देसु का". एवढ्या तीन वाक्यांवर दिवस निघतो, बाकी हातवारे.

स्पर्धकामागे जरा बाजूला उभं राहून एक पूर्ण फेरी नीट बघा. माणूस आधी तेलाच्या बोळ्यावरून रंध्याचा तळ फिरवून घेतो, मग रंधा उलटा करून डोळ्यासमोर धरतो आणि तळावरून नजर टाकतो, धार किती बाहेर आलीय ते त्याला एका काळ्या केसाएवढ्या रेघेवरून दिसतं, रेघ एका बाजूला जाड दिसली तर पात्याच्या कोपऱ्यावर हातोडीचा एकच ठोका, परत नजर, परत ठोका. हे कधी कधी पाच मिनिटं चालतं आणि प्रत्यक्ष रंधा ओढणं काही सेकंदांचं. ओढताना बघा, हात जवळजवळ हलतच नाहीत, माणूस पावलं टाकत मागे जातो आणि ढलपी तोंडातून वर येऊन हवेत तरंगायला लागते, कांद्याच्या आतल्या पापुद्र्यासारखी आरपार दिसणारी. मग ती अलगद उचलून मोजणाऱ्याकडे नेतात, तो गेजमध्ये वेगवेगळ्या ठिकाणी धरून जाडी बघतो, सुरुवातीला पाच आणि शेवटी बारा भरली तर मध्ये कुठेतरी दाब बदललाय हे लगेच कळतं.

इथे एक गंमतीची माहिती. हिनोकीसारख्या लाकडातल्या पेशी साधारण २० ते ४० मायक्रॉन रुंद असतात आणि आतून पोकळ. म्हणजे पाच मायक्रॉनची ढलपी एका पेशीपेक्षाही पातळ असते, पात्याने पेशीच उभी चिरलेली असते, म्हणूनच उजेडात धरली तर ती जाळीदार लेससारखी दिसते. विक्रेत्यांकडे कोणाकडे भिंग असेल तर मागून घ्या आणि बघाच.

स्पर्धेपलीकडेही बरंच चाललेलं असतं आणि मला तर ते जास्त आवडतं. तासणीने, म्हणजे चोनाने, तुळई तासून दाखवतात. मोठ्या ओगा करवतीने दोन माणसं ओंडका उभा चिरतात. आणि यारिगान्ना जरूर बघा, भाल्याच्या पात्यासारखं लांब दांड्याचं हत्यार, ठोकळ्याचा रंधा यायच्या आधी जपानमधली देवळं याने गुळगुळीत करायचे. मधल्या काळात ते वापरातून गेलं होतं, होर्यूजी देवळाचे सुतार निशिओका त्सुनेकाझु (१९०८–१९९५) यांनी जुन्या लाकडावरच्या खुणांचा अभ्यास करून ते परत वापरात आणलं, याकुशिजी देवळाचा पश्चिमेकडचा पॅगोडा १९८१ साली परत उभा राहिला तो त्यांच्याच देखरेखीखाली. यारिगान्नाने कापलेल्या पृष्ठभागावर हलक्या लाटा राहतात आणि ढलप्या स्प्रिंगसारख्या गुंडाळलेल्या पडतात. हे कसब निव्वळ प्रदर्शनासाठी जपलंय असंही नाही, इसेचं मंदिर दर २० वर्षांनी नव्याने बांधतात, मागचं २०१३ साली झालं, पुढचं २०३३ ला, आणि लाकडी वास्तू जपण्याच्या या सगळ्या जपानी कारागिरीची युनेस्कोने २०२० साली अमूर्त वारशाच्या यादीत नोंद केलीय.

स्वतः ओढून बघा

बऱ्याच मेळाव्यांत कोणी ना कोणी नवीन लोकांना रंधा ओढायला देतं, लाजू नका. उजवा हात ठोकळ्याच्या मध्यावर, पात्याच्या पुढे, आणि डावा हात मागून पात्याच्या डोक्यावरून. डावा पाय मागे किंवा पुढे हे शिकवणारा सांगेल तसं, प्रत्येकाची पद्धत जरा वेगळी असते. हातांनी खेचायचं नाही, कंबर आणि पाय मागे न्यायचे आणि रंधा त्यांच्याबरोबर येऊ द्यायचा. सुरुवातीला दाब पुढच्या टोकावर, सुटताना शेवटपर्यंत खाली धरून ठेवायचं. मध्येच थांबलात तर तिथे लाकडावर आडवी रेघ उमटते, म्हणून एकदा निघालात की टोकापर्यंत जायचंच.

आपलं पातं बरोबर नेलं असेल तर शेवटी कोणाला तरी दाखवा. "हे बघता का" एवढंच. मी बघितलेल्या जुन्या कारागिरांपैकी कोणी नाही म्हटलं नाही, उलट पातं उजेडाकडे वळवून एकदम बरोबर जागी बोट ठेवतात, इथे उताराला पोट आलंय, इथे डावा कोपरा जास्त घासला जातोय. स्वतःला महिनोन्‌महिने जे दिसत नाही ते त्यांना एका नजरेत दिसतं.

खरेदी

पहिल्या दिवशी काहीच घेऊ नका. दुसऱ्या दिवशी घ्या. एक दिवस सगळं बघितल्यावर आपल्याला काय हवंय ते बऱ्यापैकी स्पष्ट झालेलं असतं.

पहिला रंधा म्हणून ७० मिलिमीटर पात्याचा नेहमीचा कान्ना चालतो, पण हात लहान असतील किंवा लाकूड कडक वापरणार असाल तर ५० ते ५५ चा घ्या, ओढायला कितीतरी सोपा पडतो. नावाजलेल्या लोहाराची पाती काही लाख येनपर्यंत जातात, त्यांच्या मागे लागू नका, नव्यात साधारण १० ते २० हजार येनपासून कामाचा रंधा मिळतो. जुना घेत असाल तर पोलाद किती शिल्लक आहे ते आधी बघा, मग खोलगट बाजूला खोल गंज आहे का, आणि ठोकळ्याला तोंडाजवळ चीर आहे का. वरवरचा गंज निघतो, धारेजवळचे खोल खड्डे निघत नाहीत.

रंध्याच्या आधी दगड घ्या हे मात्र मी प्रत्येकाला सांगतो. आणि पैसे उरले तर साशिगाने, म्हणजे त्यांचा पातळ पोलादी गुण्या. त्याच्या मागच्या बाजूला वर्गमूळ दोनच्या पटीतली मोजपट्टी असते, गोल ओंडक्यावर ठेवलं की त्यातून जास्तीत जास्त किती मोठा चौकोन निघेल ते गणित न करता वाचता येतं. रोख पैसे जवळ ठेवा, सगळ्या टेबलांवर कार्ड चालतं असं नाही.

परत येताना

जपानमध्ये ६ सेंटिमीटरपेक्षा लांब पात्याची सुरी योग्य कारणाशिवाय जवळ बाळगणं कायद्याने चालत नाही, म्हणून पटाश्या आणि पाती नीट गुंडाळून, बॅगेच्या तळाशी ठेवा आणि खरेदीची पावती बरोबर असू द्या. विमानात हे सगळं चेक-इन सामानात, हातातल्या बॅगेत एकही नाही. धारेवर जाड पुठ्ठा लावून वरून टेप मारा.

घरी आल्यावर पातं ठोकळ्यात ठोकून घट्ट तसंच ठेवू नका, थोडं सैल करा. नवा ठोकळा भारतातल्या हवेत हलतो, पातं घट्ट बसलेलं असेल आणि लाकूड सुकलं तर ठोकळा फाटतो. महिनाभर घरात तसाच मुरू द्या, मग तळाला पट्टी लावा. पात्याला कॅमेलियाचं तेल लावतात, ते नसेल तर शिलाई मशीनचं चालतं, पावसाळ्यात दर आठवड्याला एक हात फिरवा. आणि पुढच्या मेळाव्याची तारीख लागली की जाताना तेच पातं घेऊन जा, ज्याने मागच्या वेळी चूक दाखवली त्यालाच शोधून दाखवा.